शेअरपॉइंटचा इव्हेंट रिसीव्हर कधी दोनदा चालतो, कधी जुनाच कोड चालवतो. कुठे बघू?

तुमचं दुखणं थोडक्यात असं: शेअरपॉइंट २०१३, स्वतःचा सर्व्हर, डॉक्युमेंट लायब्ररीवर आयटमअपडेटेड, म्हणजे आयटम बदलून झाल्यावर शेअरपॉइंट आपोआप चालवतं तो आपला कोड (इव्हेंट रिसीव्हर किंवा हँडलर). माणसाने फाइल बदलली की हँडलर दोनदा चालतो, वर्कफ्लोने स्टेटस बदललं की कालचाच कोड चालल्यासारखा वाटतो, ब्रेकपॉइंट लागत नाही आणि आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) रीसेट करून हात दुखले.

आतलं लॉजिक तूर्त वाचू नका. हँडलरच्या पहिल्याच ओळीला एक लॉग टाका: प्रोसेसचं नाव, थ्रेड आयडी, आयटम आयडी आणि हाताने लिहिलेला एक आकडा, जो प्रत्येक डिप्लॉयला तुम्ही बदलाल. असेंब्ली व्हर्जनवर विसंबू नका, ते बहुतेक प्रोजेक्टांत जन्मभर १.०.०.० राहतं.

हा आकडा मी दोन दिवस वाया घालवून शिकलो. माझ्या लॉगमध्ये एका ओळीत डब्ल्यू३डब्ल्यूपी (आयआयएसची वेब प्रोसेस) आणि ७, तर तिच्या खालच्याच ओळीत ओडब्ल्यूएसटायमर (शेअरपॉइंटची टायमर सर्व्हिस) आणि ५! म्हणजे माणसाने केलेला बदल वेब प्रोसेसमध्ये नव्या डीएलएलने (कंपाइल केलेल्या कोडच्या फाइलने) हाताळला, आणि वर्कफ्लोचा बदल टायमर सर्व्हिसमध्ये दोन डिप्लॉय मागच्या डीएलएलने. २०१० पद्धतीचा वर्कफ्लो मध्ये थांबून पुन्हा सुरू झाला की तो टायमर सर्व्हिसमध्ये चालतो, आणि त्याने केलेल्या बदलाचा रिसीव्हरही तिथेच. आयआयएस रीसेट त्या सर्व्हिसला हातही लावत नाही. ‘एसपीटायमरव्ही४’ (त्याच टायमर सर्व्हिसचं विंडोजमधलं नाव) बंद करून चालू करा, फार्ममधल्या, म्हणजे शेअरपॉइंट चालवणाऱ्या सर्व्हरांच्या गटातल्या, प्रत्येक सर्व्हरवर. डीबगरही दोन्ही प्रोसेसना जोडा. (हे फक्त डेव्हलपमेंट मशीनवर. चालू सर्व्हरवर ब्रेकपॉइंट लावलात तर सगळ्यांची पानं गोठतील, आणि ९० सेकंद पिंगला उत्तर नाही मिळालं की आयआयएस ती प्रोसेसच मारून टाकतं.)

आता दोनदा चालण्याबद्दल. तुमच्याच कोडमध्ये आयटम अपडेट होत असेल तर तो बदलही पुन्हा इव्हेंट उठवतो. सिस्टमअपडेट वापरलं म्हणून सुटका नाही. त्याने मॉडिफाइडची वेळ बदलत नाही, इव्हेंट मात्र उठतोच. अपडेटच्या आधी इव्हेंटफायरिंगएनेबल्ड फॉल्स करा आणि फायनलीमध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) परत ट्रू. फायनली न लिहिता मध्येच एक्सेप्शन आलं, तर त्या थ्रेडवर इव्हेंट बंदच राहतात. मग ‘कधीकधी चालतच नाही’ हे नवं दुखणं मागे लागतं.

लायब्ररीला चेकआउट (बदलण्याआधी फाइल आपल्या नावावर घेणं) सक्तीचं आहे का, तेही बघा. असेल तर एकदा बदलाला आणि एकदा चेकइनला असे दोन इव्हेंट येणारच, तो बिघाड नाही. बिफोरप्रॉपर्टीजमध्ये (बदलाआधीच्या किमतींत) ‘व्हीटीआय_सोर्सकंट्रोलचेक्डआउटबाय’ला किंमत आहे आणि आफ्टरप्रॉपर्टीजमध्ये (बदलानंतरच्या किमतींत) ती रिकामी, तर ते चेकइन समजा आणि तिथून परत फिरा. हा उपाय साध्या लिस्टवर नेऊ नका, तिथे बिफोरप्रॉपर्टीज रिकामीच मिळते.

तिसरा संशयित म्हणजे एकच रिसीव्हर दोनदा नोंदलेला. पॉवरशेलमध्ये लिस्टच्या आणि वेबच्या, दोन्हींच्या इव्हेंटरिसीव्हर्सची यादी काढा. कोडने नोंदणी करणाऱ्या फीचरमध्ये डीअॅक्टिव्हेट करताना ती काढून टाकायला विसरलं, की प्रत्येक अॅक्टिव्हेशनला एक नोंद वाढते.

एरर स्क्रीनवर दिसत नाही म्हणून कोड चाललाच नाही, असं धरू नका. आयटमअपडेटेड मुळात असिंक्रोनस आहे. तो चालतो तोवर वापरणाऱ्याचं पान परत गेलेलं असतं, एक्सेप्शन दाखवायचं कुणाला? ते यूएलएस लॉगमध्ये (शेअरपॉइंटच्या स्वतःच्या नोंदींमध्ये) पडलेलं असतं, १५ नावाच्या फोल्डरमधल्या लॉग्समध्ये. वापरणाऱ्याला अडवायचंच असेल तर तपासणी आयटमअपडेटिंगमध्ये (बदल साठवण्याआधी चालणाऱ्या इव्हेंटमध्ये) न्या, पण तिथे लिस्टआयटममधून जुनी किंमत मिळते, नवी आफ्टरप्रॉपर्टीजमधून घ्यावी लागते आणि तीही कॉलमच्या इंटर्नल नावाने.

लॉगच्या त्या ओळी इथे टाका, दोन्ही वेळचा थ्रेड आयडी दिसला की पुढचं सांगता येईल.