शेणखत टाकण्याआधी उकिरड्यात हात घालून बघा

दादा, शेणखताकडे वळताय ते चांगलंच, पण पहिल्याच वर्षी रासायनिक खत एकदम बंद करू नका. कुजलेल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन, पिकाच्या वाढीचं अन्न) जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे टनामागे पाचेक किलो. तोही सगळा पहिल्या हंगामात पिकाला लागू होत नाही.

विकत घेताना उकिरड्यात हात घाला. आत गरम लागलं, शेणाचा वास आला, काड्या ओळखू आल्या तर खत कच्चं आहे. ते कुजवताना जिवाणू जमिनीतलाच नत्र ओढतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. वर हुमणी (मुळं खाणारी अळी) अन् तणाचं बी फुकट! पक्कं खत काळपट, भुसभुशीत, मातीच्या वासाचं असतं.

रानात ढीग टाकून महिनाभर उन्हात ठेवायची आपल्याकडची सवय वाईट. नत्र उडून जातो. पसरलं की त्याच दिवशी कुळवाची पाळी द्या, म्हणजे कुळव फिरवून खत मातीत मिसळा.

शेणखत मिळालंच नाही (हल्ली जनावरं आहेत कुणाकडे?) तर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, फुलावर येताच जमिनीत गाडा.

फरक आधी मातीत दिसतो. ढेकळं लवकर फुटतात, पाणी मुरतं. माती परीक्षणातला सेंद्रिय कर्बाचा (कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणातून मातीत आलेल्या कार्बनचा) आकडा दरवर्षी वहीत लिहा. नमुना मात्र खत टाकण्याआधीच काढा.