पदराखालचा दंड बघा, मग मान बघा

ताई, तुम्ही विचारलं की वय ४६, पाळी गेली, वर्षात १२ किलो वजन उतरलं अन् आता हनुवटीखालची कातडी लोंबते, तर मालिश करू का क्रीम लावू. मी ५८ ची, जन्म वावरात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक करा, ब्लाउजची बाही वर सारून दंडाची आतली कातडी बघा अन् मग मानेची बघा. दोन्ही जागच्या कातडीचं वय सारखंच, पण दंड मऊ, गोरा, अन् मान खरबरीत, डागाळलेली. हा फरक उन्हाचा आहे. निंदताना, कापूस वेचताना आपण खाली वाकतो न, तेव्हा मानेची मागची बाजू अन् दोन्ही कडा दिवसभर तापतात, अन् उन्हातले यूव्हीए किरण ढगातूनही येतात, कातडीच्या आत जाऊन कोलॅजन अन् इलॅस्टिन, म्हणजे कातडी घट्ट अन् लवचिक ठेवणारे धागे, तोडतात. जुन्या मोज्याचं इलॅस्टिक जसं ढिलं पडतं तसंच.

बाकी मानेची कातडी मुळातच पातळ, तेलाच्या ग्रंथी कमी. खाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ पसरट स्नायू असतो, वयानं तो मधून फाकतो अन् दोन दोऱ्या दिसायला लागतात, त्या कोणत्याच क्रीमनं जात नाहीत. त्यात पाळी गेल्यावर पहिल्या ५ वर्षांत कातडीतलं साधारण ३०% कोलॅजन कमी होतं, अन् चरबी उतरली की ताणलेली कातडी चाळिशीनंतर पूर्ण आकसत नाही. तुमच्यात दोन्ही एकदम झालंय, म्हणून इतकं जाणवतंय.

मालिशनं कातडी वर चढत नाही. खोबरेल लावा, कोरडेपणा कमी होतो तेवढंच. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन मानेच्या मागपर्यंत, वर दुपट्टा, हे रोज. ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं सुरकुत्यांचं मलम, डॉक्टरनं दिलं तरच, मानेला लवकर जळजळते, म्हणून थोडं थोडं. खूप लोंबलेली असेल तर ऑपरेशनच.

अन् ताई, मेडिकलवरची गोरं व्हायची ट्यूब मानेला नको, बाई. मी दोन वर्षं लावली, त्यात स्टेरॉइड होतं, कातडी इतकी पातळ झाली की शिरा दिसतात, अन् सोडल्यावर लाल भडक झाली ते वेगळंच. लावत असाल तर एकदम बंद न करता आधी चामडीच्या डॉक्टरला दाखवा.

आणखी एक, आरशासमोर पाणी गिळून बघा, गळ्यात गाठ वरखाली होताना दिसली तर ते थायरॉइडचं असू शकतं, मग मानेची कातडी नंतर, आधी ते तपासा.