सिनेमाचं पोस्टर की स्नेहसंमेलनाचं?

प्रश्न: काका, मी मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आमच्या गटानं ‘शेवटचं गिऱ्हाईक’ या काल्पनिक थरारपटाचं पोस्टर केलं. गोष्ट अशी: सराफ्यातला म्हातारा सराफ दुकान बंद करायला निघतो आणि एक अनोळखी माणूस आत येतो. पोस्टरवर चार चेहरे, मागे राजवाडा, ज्वाळा, सोनेरी नाव, पुरस्कारांच्या पानांच्या माळा. सर म्हणाले, “हे स्नेहसंमेलनाचं वाटतंय.” खरं कसं वाटेल?
– एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर: बेटा, आधी सांग, ज्वाळा कशाला? गोष्टीत आग कुठं लागलीये?

मी तरुणपणी इथल्या टॉकीजचे बोर्ड रंगवले. छोट्या फोटोवर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या बोर्डावर आणि मग चेहरा चढवायचा. उस्ताद खालून ओरडायचे, “टेम्पोत बसलेल्याला दिसतंय का?” या कामाला कमी लेखू नकोस. इंदूरच्या कलाशाळेत शिकलेले चित्रकार एम. एफ. हुसेनही मुंबईत आधी सिनेमाचे बोर्डच रंगवत होते.

टेम्पोतल्या माणसाला चार चेहरे दिसत नाहीत. एकच गोष्ट दाखव. तुझ्याकडे ती आहे: अर्धं खाली ओढलेलं शटर, आतून येणारा पिवळा उजेड आणि शटरखालून दिसणारे दोन पाय. आत उभे की बाहेर, ते सांगायचंच नाही. राजवाडा काढून टाक. तो इंदूरकराला रोजच दिसतो, त्यानं भीती वाटायची नाही.

आता मुख्य चूक. तुम्ही चेहरे व्हिडिओतून उचललेत ना? १९२० × १०८० ठिपक्यांचा आडवा फ्रेम कापून उभ्या ए-३ वर ताणला की इंचाला जेमतेम ६५ ठिपके उरतात. छपाईला साधारण ३०० लागतात, म्हणून ते धुरकट दिसतं. पोस्टरसाठी वेगळा फोटो काढा, मोबाईल उभा धरून. बारा मेगापिक्सेलचा असला तरी अडीचशेच्या आसपास ठिपके मिळतात, चालतात. वर नावाला मोकळी जागा सोडा. सराफ्यात दुकानं मिटून खाऊचे ठेले लागायच्या मधल्या वेळेत जा. नंतर गराडूवाल्याकडची (गराडू म्हणजे तळलेला कंद) गर्दी तुम्हाला उभं राहू देणार नाही. फोटो व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवाल तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सगळी मेहनत दाबून निघते.

पानांच्या माळा काढ. न मिळालेला पुरस्कार सर्वांना लगेच कळतो. सेन्सॉरचा शिक्काही नको, ही फिल्म बोर्डापुढे गेलीच नाही. त्याऐवजी तळाशी श्रेयनामावली नीट दे: दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, संगीत. नावं तुमच्या गटातलीच, एकाच फाँटात, बारीक. ती कुणी वाचत नाही, पण नसली की पोस्टर उघडं वाटतं.

नावाची अक्षरं एकमेकांपासून ताणू नकोस. इंग्रजी पोस्टरवर ते शोभतं. आपली शिरोरेखा तुटते आणि नाव सांडल्यासारखं दिसतं. सोनेरी चकाकीही नको, फिकट पांढरं पुरे. ओळींमध्ये मात्र अंतर ठेव, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या भांडतात.

छापायला देताना चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटर चित्र जास्त सोड, कापताना कडेला पांढरी रेघ येत नाही. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत कर. पडद्यावरचा भडक निळा कागदावर मळतो, हे आधीच पाहून घे.

आणि एक. इथल्या छापखान्यात टाइप करणारा पोऱ्या हिंदीवाला असतो. त्याच्या हातून ‘गिऱ्हाईक’चं हमखास ‘गिर्हाईक’ होतं, रफार डोक्यावर जाऊन बसतो. नाव स्वतः टाइप करून ने, आणि पहिली प्रत निघाली की तो ‘ऱ्ह’ आधी बघ.