भेदरलेल्या कुत्र्याचा रक्ताचा रिपोर्ट

दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आमच्याकडे कुत्र्यांपेक्षा कागदच जास्त येतात. कुत्रा ठणठणीत आणि रिपोर्टवर मात्र जागोजागी लाल खुणा. या वेळच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ एकच आहे, भीती-ताण आणि त्यातले हार्मोन्स, म्हणून ते एकत्र घेते.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर चार वर्षांचा आहे. लक्ष्मीपूजनाची रात्र त्याने पलंगाखाली थरथरत काढली. पाडव्याला सकाळी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी १९,२००, त्यांच्या प्रकारांपैकी न्यूट्रोफिल जास्त, लिम्फोसाइट कमी, इओसिनोफिल शून्य. इन्फेक्शन सांगून अँटिबायोटिक लिहून दिलंय. ताप नाही, जेवण व्यवस्थित आहे. औषध सुरू करू का? (चिंचवड)

उत्तर : हा रिपोर्ट मला इन्फेक्शनपेक्षा फटाक्यांचा वाटतो.

कुत्र्याच्या रक्तातले साधारण निम्मे न्यूट्रोफिल प्रवाहात वाहत असतात आणि निम्मे रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून बसलेले असतात. सुईत येतात ते फक्त वाहणारे. ताणात तयार होणारं कॉर्टिसोल हे हार्मोन वाढलं की पेशींना भिंतीशी धरून ठेवणारे सिलेक्टिन नावाचे रेणू कमी होतात आणि बसलेले उठून प्रवाहात येतात. एसटी लागली की बाकांवरची माणसं उठून उभी राहतात आणि स्टँडवर एकदम गर्दी वाटते, तसंच हे. हाडाच्या मगजातूनही थोडी जादा कुमक येते. लिम्फोसाइट मात्र उलट लसिका ग्रंथींकडे वळतात आणि इओसिनोफिल जवळपास दिसेनासे होतात. तुमच्या कागदावर नेमकं हेच चित्र आहे.

लिम्फोसाइटच्या आकड्याला मी घड्याळ म्हणते, कारण घाबरल्यावर दोन हार्मोन वेगवेगळ्या वेगाने काम करतात. अ‍ॅड्रेनलिनचा रिसेप्टर, म्हणजे हार्मोन बसण्याची जागा, पेशीच्या पृष्ठभागावर असतो, त्यामुळे त्याचं काम क्षणात होतं. टेबलावर चढवताना कुत्रा भेदरला तर लिम्फोसाइट वाढतात आणि अर्ध्या तासात परतही येतात. कॉर्टिसोलचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो. हार्मोनला आत शिरून, त्याच्याशी जोडून, केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करावी लागतात, म्हणून परिणाम चार ते आठ तासांनी शिगेला पोचतो आणि ताण संपला की साधारण दिवसभरात ओसरतो. म्हणजे लिम्फोसाइट जास्त असतील तर भीती आत्ताची, कमी असतील तर कालच्या रात्रीची.

औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, स्लाइडवर ‘बँड’, म्हणजे कच्चे न्यूट्रोफिल, दिसले का? ते वाढलेले असतील तर मी चूक आणि ते बरोबर. नसतील तर दोन-तीन दिवसांनी, शांत वेळी, पुन्हा रक्त तपासा. अँटिबायोटिक तोवर थांबू शकतं का, तेही त्यांनाच विचारून ठरवा.

प्रश्न : कारवान जातीचा नर. लातूरला जीपमधून आणताना वाटभर धडपडत होता. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५८ आलं. पाणी कमी पडलंय असं म्हणून सलाइन लावलं. बरोबर का?

उत्तर : प्रथिनांचा आकडा तुम्ही कळवलेला नाही, आणि उत्तर त्यातच आहे. कुत्र्याची प्लीहा म्हणजे लाल पेशींचं कोठार. अ‍ॅड्रेनलिन तिच्या भिंतीतल्या रिसेप्टरवर बसलं की ती मुठीसारखी आवळते आणि साठा रक्तात ओतते. पळणाऱ्या जनावराला ऑक्सिजन लागतो, त्याची ही सोय. अशा वेळी हिमॅटोक्रिट चढतं, रक्तातली प्रथिनं मात्र जागेवर राहतात. पाणी खरंच कमी झालं असेल तर सहसा दोन्ही चढतात. शिवाय कारवानसारख्या वेगवान शिकारी जातींत, विशेषतः ग्रेहाउंडमध्ये, हा आकडा एरवीही इतर कुत्र्यांपेक्षा वरचा असतो.

प्रश्न : आमच्या कुत्र्याची साखर १३८ आली. डायबिटीस सुरू झाला का? (कोल्हापूर)

उत्तर : एवढ्यावरून नाही. कॉर्टिसोल यकृताला स्नायूंच्या प्रथिनांपासून साखर बनवायला लावतं आणि इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतं. अ‍ॅड्रेनलिन साठवलेलं ग्लायकोजेन फोडतं. घाबरलेल्या कुत्र्यात साखर थोडी चढते, मांजरात भलतीच. १९११ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी मांजरांसमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि मांजरांच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिनची खूण शोधली. त्या प्रयोगात आपल्या मंडळींची नोकरी भुंकण्याची होती! या हार्मोन्सची साखरेवरची पकड किती घट्ट आहे, हे मात्र कुत्र्यांमुळेही समजलं. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पिट्युटरीही (मेंदूखालची ग्रंथी, तिच्याच हुकुमावर कॉर्टिसोल बनतं) काढली तर त्याचा मधुमेह सौम्य होतो, हे अर्जेंटिनाच्या बर्नार्दो हुसाय यांनी दाखवलं. त्यांना १९४७ मध्ये नोबेल मिळालं.

कुत्र्याच्या लघवीत साखर उतरते ती रक्तात साधारण १८० ते २२० च्या पुढे गेल्यावर. लघवी तपासा. शंका उरलीच तर फ्रुक्टोसमीन करा. ती तपासणी मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब देते, त्या एका सकाळचा नाही.

प्रश्न : दहा वर्षांची पॉमेरेनियन. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलो तेव्हापासून खूप पाणी पिते, सारखी भूक, पोट सुटलंय, पाठीचे केस गेलेत. एएलपी (यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम) १,१४०. डॉक्टर, जागा बदलल्याचा ताण असेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. जागा बदलल्याने पोट लोंबत नाही. कॉर्टिसोल काही तास वाढणं वेगळं आणि महिनोन्‌महिने वाढलेलं राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात स्नायू झिजतात, चरबी पोटाकडे सरकते, कातडी कागदासारखी पातळ होते. कुत्र्याच्या यकृतात एएलपीचा एक खास प्रकार स्टेरॉइडमुळेच तयार होतो. तो माणसात नाही, मांजरातही नाही. म्हणून मानवी लॅबच्या डॉक्टरांना हा आकडा पाहून धडकी भरते.

माझा पहिला संशय कुशिंग्जवर, म्हणजे याच जास्तीच्या कॉर्टिसोलच्या आजारावर, पण त्याआधी एक आगाऊ प्रश्न. घरात कुणी खाजेची ट्यूब वापरतं का, किंवा तिच्या त्वचेला, कानाला काही लावता का? मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कित्येक ट्यूबांमध्ये कडक स्टेरॉइड असतं. कुत्री ते चाटते आणि बाहेरून आलेलं हे स्टेरॉइड तिच्या शरीरात हाच आजार घडवतं. असं काही सापडलं तर एकदम बंद करू नका. तिच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी, जिथे कॉर्टिसोल बनतं, झोपलेल्या असतील. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.

ट्यूब नसेल तर चोवीस तासांचं पाणी मोजा. किलोमागे १०० मिलीहून जास्त म्हणजे नक्कीच जास्त. मग सकाळची लघवी घरीच धरून कॉर्टिसोल-क्रिएटिनिनचं प्रमाण काढा. दवाखान्याची भीती त्यात मिसळू नये म्हणून घरची लघवी. ते प्रमाण नॉर्मल आलं तर कुशिंग्जची शक्यता बरीच मावळते. वाढलेलं आलं तर डेक्सामेथासोनची चाचणी. आणखी एक : टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन कमी दिसलं म्हणून कुणी थायरॉइडच्या गोळ्या लिहून देईल. कॉर्टिसोल वाढलं की टी-फोर आपोआप दबतं, तेव्हा घाई नको.

प्रश्न : माझं टेन्शन माझ्या कुत्र्याला लागतं का? (ठाणे)

उत्तर : स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठाने २०१९ मध्ये ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसोल मोजलं. दोघांचे आकडे बरोबरीने चढत-उतरत होते. कारण काय, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरी मी तुम्हाला ‘नाही’ असं म्हणणार नाही.

प्रश्न : आम्ही गावाला गेलो की आमची कुत्री बोर्डिंगमध्ये आजारी पडते. उलट्या, गळून जाणं. सलाइनने दोन दिवसांत बरी. तिसऱ्यांदा झालं. सोडियम १३२, पोटॅशियम ६.३, पांढऱ्या पेशी अगदी नॉर्मल. ‘आठवण काढते’ असं सगळे म्हणतात. (पणजी)

उत्तर : या ढिगातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा रिपोर्ट हाच. एवढी आजारी कुत्री आणि लिम्फोसाइट जागच्या जागी! वर लॅब्रॅडॉरच्या कागदावर होती ती ताणाची खूण इथे असायलाच हवी होती. ती नाही, याचा अर्थ ताण पडल्यावर लागणारं कॉर्टिसोल बहुधा तयारच होत नाही. सोडियमला पोटॅशियमने भागलं तर २१ येतात. २७ च्या खाली गेलं की अ‍ॅडिसन्सचा विचार करायचा, म्हणजे कॉर्टिसोल कमी पडण्याच्या आजाराचा. एसीटीएच स्टिम्युलेशन चाचणी, म्हणजे ग्रंथींना डिवचून त्या कॉर्टिसोल बनवतात का ते पाहणं, आठवडाभरात उरका, आणि त्याआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ देऊ नका, निकाल बिघडतो. मधेच पुन्हा कोसळली तर मात्र चाचणीसाठी थांबायचं नाही, तडक दवाखाना.

निदान पक्कं झालं तर प्रेडनिसोलोन आणि क्षारांसाठी फ्लुड्रोकॉर्टिसोन, जन्मभर. प्रवास, पाहुणे, फटाके, बोर्डिंग अशा दिवसांत प्रेडनिसोलोनचा डोस डॉक्टरांना विचारून साधारण दुप्पट करावा लागतो. इतर कुत्र्यांच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी जे न सांगता करतात, ते तिच्यासाठी तुम्हाला कॅलेंडर बघून करावं लागेल. पुढच्या वेळी गावाला निघताना बोर्डिंगवाल्यांच्या हातात तिच्या पट्ट्याबरोबर तेवढी चिठ्ठीही द्या.