पहिलं चिप करताना

ताळगाव पठारावरच्या लॅबमध्ये हिस्टोनच्या चिपला (ChIP: डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, ती अँटिबॉडीने डीएनएसकट पकडून वेगळी काढायची पद्धत) हात घालण्याआधी फॉर्मल्डिहाइडकडे बघ; प्रथिनं डीएनएला घट्ट जोडून ठेवतं ते हेच. बाटली ताजी हवी. 1 टक्का, 10 मिनिटं, मग ही जोडणी थांबवायला 125 मिलिमोलर ग्लायसीन, 5 मिनिटं. प्रोटोकॉलमधलं रूम टेंपरेचर म्हणजे 20 ते 25 अंश. मे महिन्यात वीज गेली, एसी बंद पडला की आपल्याकडची खोली तिशी ओलांडते आणि क्रॉसलिंकिंग, म्हणजे ही जोडणी, जास्त होतं. मग क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचा गुंता) नीट तुटत नाही, अँटिबॉडीलाही तिची जागा सापडत नाही. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी क्रोमॅटिन तोडणं) बर्फातच, मध्ये मध्ये थांबत. फेस आला म्हणजे बहुधा प्रोब, म्हणजे सोनिकेटरची दांडी, वर आलाय. तुकडे 200 ते 500 बेसपेअरचे हवेत. पण लांबी तपासायला जेलवर चढवण्याआधी 65 अंशांवर रात्रभर क्रॉसलिंक सोडव, नाहीतर तुकडे आहेत त्याहून मोठे भासतात. इनपुट (अँटिबॉडी घालण्याआधी बाजूला काढलेलं क्रोमॅटिन) आणि आयजीजी कंट्रोल (हिस्टोनला न ओळखणारी साधी अँटिबॉडी) नसलेला निकाल मात्र गाईडपुढे नेऊच नकोस.