वर्ल्ड्सचं पहिलं तिकीट काढताना

पहिल्यांदाच फिगर स्केटिंगच्या वर्ल्ड्सला, म्हणजे जागतिक स्पर्धेला जातेयस ना, मग एक ऐक, आधी सगळ्या दिवसांचे पास येतात, एकेका सेशनची तिकिटं बहुतेक वेळा नंतर सुटतात, त्यामुळे दोनच दिवस सुट्टी असेल तर जरा थांब. एकच सेशन परवडत असेल तर डोळे झाकून फ्री स्केट, म्हणजे दुसरी, मोठी फेरी घे, सिंगल्समध्ये, म्हणजे एकेकट्याने स्केटिंग करतात त्यात, शॉर्ट या पहिल्या, छोट्या फेरीनंतर फक्त 24 जण उरतात आणि शेवटच्या ग्रुपचा सहा मिनिटांचा वॉर्मअप, अगं काय सांगू, अंगावर काटा येतो! सीट जजेसच्या बाजूची बघ, स्केटर्स त्यांच्याकडेच तोंड करून पोझ देतात. आईस डान्सला, म्हणजे जोडीने बर्फावर नाचतात त्याला मात्र पहिली रांग नको, थोडं वरून जोडी बर्फावर कशी फिरते तो पॅटर्न छान कळतो. आणि जॅकेट ने, आत गारठा असतो.