मेंदूत घड्याळ असतं का? आणि असेल तर हातपाय हलवण्याशी त्याचा काय संबंध?

आधी एक करून बघा. घरात टिकटिक करत सरकणाऱ्या सेकंदकाट्याचं घड्याळ असेल तर क्षणभर दुसरीकडे बघा आणि पटकन नजर त्या काट्यावर न्या. दोन-चार वेळा करावं लागेल, पण मध्येच कधीतरी काटा अडकल्यासारखा वाटतो, पहिला सेकंद उगाच लांबतो आणि मग सगळं नेहमीसारखं चालू. घड्याळाचा सेल उतरलेला नाहीये. नजर उडी मारते तेवढ्या वेळातलं फरफटलेलं चित्र मेंदू फेकून देतो आणि ती मोकळी राहिलेली जागा उडी संपल्यावर जे दिसलं त्यानेच भरून काढतो. २००१ मध्ये 'नेचर'मध्ये यावर पेपरही आला होता. म्हणजे हलला फक्त डोळा आणि ताणली गेली वेळ. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे खरं तर.

आता घड्याळ. एकच असं काही नाहीये. दिवस-रात्रीचं वेगळं, ते हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे २० हजार पेशींचा बारीकसा पुंजका, झोप-भूक-जेट लॅग ही सगळी त्याची खाती, पण त्याला सेकंद-बिकंद कळत नाही. सेकंदांचं आणि त्याहून बारीक काम मुख्यतः दोघं बघतात, लहान मेंदू आणि आत खोलवर असलेले बेसल गँग्लिया. आणि गंमत म्हणजे शाळेच्या पुस्तकात या दोघांपुढे काय लिहिलेलं असतं? तोल आणि हालचाल! वेळ मोजायला वेगळं डिपार्टमेंटच उघडलेलं नाही, हात कधी उचलायचा हे ज्याला ठरवावं लागतं त्याच्याच गळ्यात ते कामही पडलंय.

मी डॉक्टर नाही, पण बारा वर्षं तबला शिकलेय, त्यामुळे हे मला पुस्तकाच्या आधी बोटांनी कळलं. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात एक मात्रा (तालाचा एक ठोका) चार-पाच सेकंदांची असू शकते. तेवढा वेळ नुसतं गप्प बसून पुढची मात्रा बरोब्बर जागेवर मारून दाखवा, जमत नाही, कारण दोन ठोक्यांमध्ये साधारण दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की मेंदूला ती लय म्हणून धरताच येत नाही, नुसते सुटे सुटे आवाज उरतात. म्हणून तबलजी मधली जागा तिरकिटने भरतो, गाणारा मांडीवर बोटं आपटतो, ऐकणारा मान हलवतो, सगळे मिळून त्या लांब वेळेचे हलवता येतील असे तुकडे करत असतात. आमचे सर ओरडायचे, "मोजू नकोस, आत चालू ठेव!" तेव्हा वाटायचं उगाच कोड्यात बोलतायत. नंतर वाचलं की २००७ च्या एका प्रयोगात लोकांना स्कॅनरमध्ये न हलता झोपवून ताल ऐकवला, तरी हालचालीची यंत्रणा, म्हणजे बेसल गँग्लिया वगैरे, कामाला लागलेली दिसली. सर बरोबर होते.

पण खरं कळलं ते बाबांमुळे. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि बेसल गँग्लियाचा कारभार त्याच डोपामिनवर चालतो. लोकांना वाटतं हात थरथरणं म्हणजेच हा आजार, आमच्याकडे थरथर कमीच, अडकणं जास्त. गोळीचा असर उतरत आला की बाबा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर थांबायचे आणि पाऊलच उचलायचं नाही. जमिनीला चिकटल्यासारखं होतं, म्हणायचे. पायात ताकद आहे, जायचंय कुठे तेही माहीत आहे, फक्त "आता" हा इशारा आतून येत नाही. आई मागून "अहो चला ना" म्हणायची, त्याने तर आणखीच घट्ट व्हायचे.

फिजिओवाल्या ताईंनी आधी फरशीवर रंगीत टेप चिकटवायला लावली, ती ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जायचा. मग म्हणाल्या, तालाचाही उपयोग होतो, करून बघा. मी केरवा ताल तोंडाने म्हटला, धागेनाति नकधिन, 'धा'वर उजवा, 'न'वर डावा, आणि बाबा चालले! आतला ठेका येत नसेल तर कानातून आलेला ठेका वापरून मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो, असं साधारण स्पष्टीकरण देतात. जादू नाहीये हं, कधी कधी अजिबात चालत नाही. आणि एकदा मी हौसेने लय चढी धरली तर बाबा पुढे झुकून तुरुतुरु पळतच सुटले, हात धरला म्हणून वाचले. तेव्हापासून ठाय, म्हणजे संथ लयच. तुमच्या घरी कोणी असेल तर आधी फिजिओला विचारा, लय कोणती धरायची हा गमतीचा भाग नाही.

या आजारात वेळेचा अंदाजही बिघडतो. १९९८ च्या एका अभ्यासात पेशंटना ८ सेकंद आणि २१ सेकंद ओळखायला शिकवलं. गोळी न घेता विचारलं की ८ चे जास्त व्हायचे आणि २१ चे कमी, दोन्ही एकमेकांकडे ओढल्यासारखे. गोळी घेतल्यावर बरंचसं जागेवर. हे वाचलं आणि बाबा "दोन मिनिटांत येतो" म्हणून बाथरूममध्ये अर्धा तास का असतात यावरची माझी चिडचिड जरा कमी झाली (पूर्ण नाही).

हल्ली उंबरठ्याशी आले की ते स्वतःच पुटपुटतात, धागेनाति नकधिन, आणि शेजारच्या काकूंना वाटतं म्हातारपणी नामस्मरणाला लागलेत.